किलीमांजारो: पाटीच्या पलीकडचं विवर

कातळवेडा

इथे टांझानियातल्या किलीमांजारोचे वृत्तांत बरेच येऊन गेलेत. सगळ्यांचा शेवटचा दिवस थोड्याफार फरकाने सारखाच. रात्री अकरा-बाराला शेवटच्या बराफू कॅम्पवरून निघालो, हेडटॉर्चच्या उजेडात पुढच्याचे बूट बघत चढलो, माथ्याजवळच्या स्टेला पॉइंटला उजाडलं, तासाभरात उहुरूची, म्हणजे सर्वोच्च शिखराची, पाटी, फोटो, उतार. शिवजयंती असली तर भगवा, सव्वीस जानेवारी असली तर तिरंगा. माझाही तसाच एक फोटो आहे. नाक गळतंय आणि हसायचा प्रयत्न चाललाय.

पण ती पाटी ज्या धारेवर उभी आहे ना, ती धार म्हणजे एका विवराचा काठ आहे. पाटीच्या उत्तरेला उतरलं की तुम्ही ज्वालामुखीच्या आत. बहुतेक लोक पाच-सहा दिवस चालून विहिरीच्या काठाशी येतात आणि आत न डोकावता घरी जातात. मी डोकावून आलो. वृत्तांत लिहायचा आळस दोन वर्षं केला, आता लिहितो.

आधी रचना, कारण तिथे जाईपर्यंत मलाही ती नीट कळलेली नव्हती. किलीमांजारो म्हणजे एकमेकांना चिकटलेले तीन ज्वालामुखी: शिरा, मावेन्झी आणि किबो. पहिले दोन कायमचे विझलेत. किबो सगळ्यात उंच, ५,८९५ मीटर, आणि तो झोपलाय. किबोच्या माथ्यावर साधारण अडीच किलोमीटर रुंदीचं मोठं विवर आहे. त्याच्या तळावर एक उंचवटा आणि त्यात दुसरं विवर, त्याला रॉइश क्रेटर म्हणतात. रॉइशच्या मधोमध राखेचा खड्डा, ॲश पिट, सुमारे साडेतीनशे मीटर रुंद आणि सव्वाशे मीटर खोल. परातीत पातेलं, पातेल्यात वाटी. उहुरूची पाटी परातीच्या काठावर.

मी आणि माझा एक जुना ट्रेकचा सोबती, दोघेच. लेमोशो वाट धरली, शिरा पठारावरून हळूहळू उंची घेत जाणारी. ज्या एजन्सीकडे नोंदणी केली तिने मुंबईत 'क्रेटर इन्क्लूडेड' म्हणून पैसे घेतले. किलीमांजारोच्या पायथ्याच्या मोशी गावात पोचल्यावर कळलं की विवरातल्या मुक्कामाची परवानगी काढलेलीच नाही, त्याचे पैसे वेगळे भरावे लागतात. एक अख्खा दिवस फोनाफोनीत गेला आणि पैसे पुन्हा भरले. एजन्सीचं नाव लिहिणार नाही, कृपया व्यनि (वैयक्तिक निरोप) करू नका.

विवरात मुक्काम असल्यामुळे मध्यरात्री निघायचं कारण नव्हतं. बराफूहून पहाटे पाचला निघालो आणि दुपारी साडेबाराला उहुरू. पाटीपाशी आम्ही दोघे, गाईड, आणि फोटो काढून झालेला एक थकलेला जर्मन. रांग वगैरे काही नाही. हा या बेताचा एक आडफायदा.

मग उतार. सगळा घसारा. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केलेल्यांना टाच रोवून घसरत उतरायचं वेगळं शिकवावं लागत नाही, फक्त इथे दर वीस पावलांनी थांबून श्वास शोधावा लागतो. अर्ध्या-पाऊण तासात तळ लागला आणि पायाखालचं सगळं एकदम सपाट झालं. ओहोटीनंतर किनारा असतो तशी राखाडी, ओलसर दिसणारी पण कोरडी ठक्क वाळू. गवताचं पातं नाही, किडा नाही. आणि त्या वाळूवर, मुद्दाम कुणी आणून ठेवल्यासारखा, फुर्टवँगलर हिमनदाचा तुकडा.

हिमनद म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर हिमालयातला होता, वरून खाली ओघळत आलेला, दगडमातीने मळलेला. हा ओघळलेला नाही. खरवसाची मोठी वडी सुरीने कापून ताटात ठेवावी तसा आहे. कडा सरळ उभ्या, दोन-तीन पुरुष उंच, आणि त्यात आडव्या बारीक रेघा. करड्या, मधेच तपकिरी. प्रत्येक रेघ म्हणजे धुळीचा एखादा जुना हंगाम. जवळ गेलो तर आतून टिकटिक आवाज येत होता. पाणी कुठे दिसेना. नुसता आवाज.

कॅम्प तिथून जवळच, ५,७०० मीटरच्या थोडा वर. एवढ्या उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या निम्मी. पाणी ८१-८२ अंशांनाच उकळतं, त्यामुळे चहा उकळतो पण चढत नाही. स्वयंपाक्याने पातळ भात आणि सूप दिलं. भाताचा दाणा मधे टणक. चार घास खाल्ले आणि पडलो. डोकं दुखत होतं, पण तसं ते वाटेतल्या लाव्हा टॉवरलाही दुखलं होतं, म्हणून कुणाला बोललो नाही.

रात्रीचं फार काही सांगण्यासारखं नाही. झोप लागली की श्वास थांबायचा आणि दचकून जाग यायची. शेजारी सोबत्याचंही तेच. एकदा त्याने मला हलवून विचारलं, "आहेस ना?" मी म्हटलं, "आहे." मग पुन्हा दोघे गप्प.

सकाळी ॲश पिट. अंतर असेल किलोमीटरभर, आम्हाला तास लागला. रॉइशच्या उंचवट्यावर चढताना पहिल्यांदा वास आला. गंधकाचा. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी अंगणात ओले फटाके पडलेले असतात, तसा. एके ठिकाणी सगळीकडे पांढरं दव गोठलेलं आणि मधेच पसाभर जागा कोरडी, पिवळसर. गाईड म्हणाला, हात लाव. हातमोजा काढून लावला. कोमट. नुकतं निवलेल्या तव्याला लागतं तेवढंच. सभोवती सगळं गोठलेलं, आणि ही एवढीशी जागा जिवंत. किबोचा शेवटचा मोठा उद्रेक दीडेक लाख वर्षांपूर्वीचा सांगतात. त्यानंतर तो एवढंच बोलतोय.

आणि मग काठ. खाली खड्डा इतका गोल की तो निसर्गाने केलाय यावर विश्वास बसत नाही. आतल्या भिंतीवर पायऱ्यांसारखे टप्पे आणि तळाशी राखेचं नरसाळं. आवाज शून्य. फोटो काढायला कॅमेरा काढला तर बॅटरी थंडीने मेलेली. मोबाईलही बंद. तेव्हा फोटो मागू नका.

तिथे मी बसलो. बरं वाटत होतं. गाईडला म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी थांबतो इथेच थोडा वेळ. त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि उठून सरळ रेषेत चालून दाखवायला सांगितलं, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून. मला हसू आलं. चार पावलं टाकली आणि डावीकडे कलंडलो. त्यानंतर त्याने एक शब्द न बोलता माझी सॅक काढून घेतली, दंडाला धरलं आणि आम्ही चालू लागलो. स्टेला पॉइंटवरून थेट बराफू, मग दुपारपर्यंत म्वेका कॅम्प, ३,१०० मीटर. संध्याकाळी मी चार चपात्या खाल्ल्या. एवढीच माझी फजिती.

कुणी अजून गेलं असेल तर लिहा.


टवाळ_बाळू

फोटो नाहीत म्हणजे नियमाप्रमाणे धागा फाऊल. पण खरवसाच्या वडीसाठी सोडून देतो.


रानवाटा

जबरदस्त लिहिलंयस. मी २०१९ मध्ये स्टेलावरूनच परत फिरले, पाटीही झाली नाही. तिथे बसून विवराकडे बघितलेलं आठवतंय, तेव्हा वाटलं होतं हे नुसतं मैदान आहे. आत एवढं आहे हे आज कळलं.

एक शंका. विवरात जायला वेस्टर्न ब्रीचची वाट जवळची ना? ॲरो ग्लेशियर कॅम्पवरून सरळ वर.


कातळवेडा

जवळची आहे, पण आम्ही ठरवून टाळली. विवराचा पश्चिमेचा काठ तिथे फुटलेला आहे, त्या फटीतून वाट चढते. वरचे दगड पूर्वी बर्फाने धरून ठेवलेले असायचे. बर्फ जातोय तसे ते सुटतात. जानेवारी २००६ मध्ये तिथे दगड कोसळून तीन अमेरिकन गिर्यारोहक गेले. मग वाट काही काळ बंद होती, नंतर उघडली. गाईड लोक सांगतात की त्या वाटेने जायचंच तर उन्हं यायच्या आत तो पट्टा ओलांडायचा, दगड गोठलेले असेपर्यंत. म्हणजे आपल्या घाटवाटांत पावसाळ्यात जे करतो त्याच्या उलट: इथे ऊन शत्रू.


डॉ_शुभ्रा

कातळवेडा, लेख छान आहे पण शेवटचा परिच्छेद वाचून माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही त्याला फजिती म्हणताय. टाच-बोट चालता न येणं, 'मला इथेच राहू द्या' म्हणणं, आणि वर बरं वाटणं, ही मेंदूला सूज येऊ लागल्याची लक्षणं आहेत. त्याला हेस म्हणतात. त्यात माणूस भ्रमिष्ट होतो, मग झोपतो, मग उठत नाही. तुमच्या गाईडने तुमचा जीव वाचवला. हे मी नाट्य करायचं म्हणून लिहीत नाही.

आता मुद्दा विवरातल्या मुक्कामाचा. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज तीनशे ते पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा सर्वसाधारण नियम. उंचावर जाऊन खाली झोपायला येणं चालतं, म्हणून लाव्हा टॉवरला चढून खालच्या बर्रांको कॅम्पला उतरतात ते बरोबर आहे. पण बराफू ४,६७३ आणि विवराचा कॅम्प ५,७०० च्या वर. एका रात्रीत हजार मीटरची उडी. तीही डोकेदुखी असताना, आणि कुणाला न सांगता! आधी लाव्हा टॉवरला दुखलं होतं आणि खाली आल्यावर थांबलं, हे ठीक. दुखत असताना त्याच उंचीवर झोपलात, हे ठीक नाही.

विवर बघावंसं वाटतं तर दिवसा बघा. पहाटे लवकर निघा, दुपारच्या आत ॲश पिट करा आणि त्याच दिवशी खाली या. तब्येत साथ देत असेल तरच. आणि दीर्घ वाट घ्या, पाच दिवसांची मरांगू नको.


कातळवेडा

डॉक्टर, तुमचं पटलं. खरं सांगू, 'फजिती' हा शब्द मी मुद्दाम वापरला, घरच्यांनी हा धागा वाचला तर काय म्हणून. आता तुम्ही लिहिलंत म्हणजे वाचतीलच.

एक गोष्ट वर लिहायची राहिली. सकाळी तंबूत मी दहा मिनिटं मोजे शोधत होतो. ते माझ्या हातात होते. तेव्हाच कळायला हवं होतं, पण कळण्यासाठी जो लागतो तोच तर बिघडलेला होता.


डॉ_शुभ्रा

नेमकं हेच. म्हणून या आजारात स्वतःचं निदान स्वतः करायचं नसतं. सोबत्याने करायचं. आणि डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घेणाऱ्यांसाठी: बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त होतं, सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरला आधी विचारा. ती गोळी जुळवून घ्यायला मदत करते. उतरायचं काम ती करत नाही.


भूगर्भ

मस्त धागा. दोन-तीन गोष्टी भर घालतो.

आपल्याकडे 'सह्याद्री म्हणजे ज्वालामुखी' हे वाक्य शाळेपासून कानावर पडतं, आणि मग लोक प्रत्येक गोल खोलगट जागेत ज्वालामुखीचं तोंड शोधतात. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून आला, थर साचत गेले. शंकूसारखा डोंगर आणि माथ्यावर तोंड, असलं काही इथे उरलेलं नाही. आपलं सगळ्यात प्रसिद्ध विवर लोणारचं, आणि तेही ज्वालामुखीचं नव्हे, उल्केच्या आघाताचं, बसाल्टमध्येच पडलेलं. त्याचा व्यास १.८ किलोमीटर. म्हणजे किबोच्या परातीत लोणार सहज मावेल आणि ॲश पिट लोणारमध्ये कुठेतरी हरवेल. खोली मात्र लोणार आणि ॲश पिटची फार वेगळी नाही.

किबोचा खडक आपल्या बसाल्टपेक्षा वेगळा. धागाकर्त्याने विवराच्या वाटेवर दगड निरखले असतील तर एक प्रश्न: काळपट दगडात शंकरपाळ्यासारखे पांढरट स्फटिक दिसले का?


कातळवेडा

दिसले! अगदी शंकरपाळेच, बोटाच्या पेरापेक्षा लहान-मोठे. लेमोशोवरही काही ठिकाणी दिसले. मी एक खिशात घातला होता. गाईडने बघितलं आणि काढून ठेवायला लावला. राष्ट्रीय उद्यानातून दगड न्यायचा नाही. नंतर वाईट वाटलं नाही, पण तेव्हा मी त्याच्याशी भांडलो होतो. (डॉक्टर, हेही लक्षण धरा.)


भूगर्भ

ते फेल्डस्पार या खनिजाचे स्फटिक. त्या खडकाला ऱ्हाँब पॉर्फिरी म्हणतात, किबोची ती एक ओळखच आहे. लाव्हा वर यायच्या आधी खाली कुठेतरी बराच काळ निवांत साठून राहिला, तेवढ्यात स्फटिकांना वाढायला वेळ मिळाला, मग उरलेला रस झटकन थिजला. म्हणून दगडात मोठे दाणे आणि भोवती बारीक पीठ. असे मोठे फेल्डस्पार बघायला आफ्रिकेला जायची गरज नाही. कसारा घाटातल्या काही थरांमध्ये बोटभर लांब स्फटिकांचा बसाल्ट आहे. फक्त त्यांचा आकार शंकरपाळ्याचा नसून पट्टीचा. पुढच्या वेळी इगतपुरीला जाताना रस्त्याकडेच्या कापलेल्या कातळाकडे बघा. गाडी बाजूला घेऊन, कृपया.


नाशिककर

हिमनदाचं वाचून खिन्न झालो. ग्लोबल वॉर्मिंगने सगळं खाल्लं. २०२० पर्यंत संपणार म्हणत होते ना?


भूगर्भ

म्हणत होते, ते तसं झालं नाही, तुकडे अजून आहेत. पण दिशा तीच. २००० साली हिमनद्यांचे अभ्यासक लॉनी थॉम्पसन यांच्या चमूने तिथल्या हिमात भोकं पाडून नमुने काढले. सगळ्यात खालचा बर्फ सुमारे ११,७०० वर्षं जुना असावा असा त्यांचा अंदाज. त्यांच्याच २००९ च्या निबंधानुसार १९१२ ते २००७ या काळात किलीमांजारोवरचं ८५ टक्के हिमक्षेत्र गेलं. २०२२ मध्ये युनेस्कोने २०५० पर्यंत नाहीशा होऊ शकणाऱ्या जागतिक वारशांतल्या हिमनद्यांत किलीमांजारो धरलाय.

पण नुसतं 'तापमान वाढलं, बर्फ वितळला' म्हणणं इथे अपुरं आहे. माथ्यावरची हवा बहुतेक वेळ गोठणबिंदूच्या खालीच असते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पूर्व आफ्रिकेची हवा कोरडी होत गेली, नवीन हिम पडेना, आणि जुना बर्फ थेट वाफ होऊन उडू लागला, पाणी न होता. उन्हाच्या माऱ्याने उभ्या कडा मागे सरकत राहतात. धागाकर्त्याने सांगितलेली 'खरवसाची वडी' त्याचीच. अशी कडा एकदा तयार झाली की तिच्यावर हिम टिकतच नाही, त्यामुळे ती पुन्हा वाढू शकत नाही, नुसती कापली जाते. आता त्यावर तापमानवाढीची भर. दोन्ही कारणं आहेत, कुठल्याचा वाटा किती यावर अभ्यासकांत वाद आहे.


टवाळ_बाळू

म्हणजे फ्रीजमधल्या बर्फाच्या ट्रेसारखं. दोन महिने काढला नाही तर खडे बारीक होतात.


भूगर्भ

बाळू, आयुष्यात पहिल्यांदा तू बरोबर उपमा दिलीस.


मुक्ता_दार

मी दार-एस-सलामला राहते, बारा वर्षं झाली. मराठी मंडळी इथून दरवर्षी किलीमांजारोला जातात, सुट्टीत आलेले भाचे-पुतणे तर हमखास. त्यामुळे दुसऱ्या बाजूचं थोडं लिहिते.

उहुरू म्हणजे स्वाहिलीत स्वातंत्र्य. १८८९ मध्ये हान्स मेयर आणि लुडविग पुर्टशेलर पहिल्यांदा शिखरावर पोचले तेव्हा त्यांनी त्याला जर्मन सम्राटाचं नाव दिलं होतं. डिसेंबर १९६१ मध्ये टांगानिकाला (आताच्या टांझानियाचा मुख्य भाग) स्वातंत्र्य मिळालं, त्या रात्री अलेक्झांडर न्यिरेंडा या अधिकाऱ्याने शिखरावर मशाल आणि झेंडा नेला. ही गोष्ट इथे शाळेतलं पोरगंही सांगेल. तेव्हा पाटीपाशी भगवा-तिरंगा जरूर धरा, पण कुणाच्या स्वातंत्र्याच्या शिखरावर उभे आहात तेही माहीत असू द्या.

रॉइश म्हणजे रिचर्ड रॉइश, मरांगू गावातले मिशनरी पाद्री. चाळीसपेक्षा जास्त वेळा डोंगर चढले. १९२६ मध्ये विवराच्या काठावर गोठून मेलेला बिबट्या त्यांना सापडला. एवढ्या उंचीवर तो कशाला गेला, कुणालाच कळलं नाही.

आता खरी गोष्ट. विवरात तुम्ही दोघे झोपलात तेव्हा तुमच्याबरोबर अजून किती जण झोपले?


कातळवेडा

बरोबर नेम धरलात. एकूण ताफा अकरा जणांचा. विवरात वर आले सहा: दोन गाईड, स्वयंपाकी आणि तीन हमाल. बाकीचे बराफूला थांबले.


मुक्ता_दार

नियमाने हमालाच्या पाठीवर वीस किलोपेक्षा जास्त ओझं नको, गेटवर वजन करतात. पण त्याच्या अंगावर काय आहे ते कोण वजन करतं? तुमची झोपायची पिशवी उणे वीसची असेल, त्याची बहुधा कुणाची तरी वापरून टाकलेली. तुम्हाला त्या उंचीवर एक रात्र हवी असते, त्याला नको असते. मी विवरात जाऊ नका म्हणत नाही. पण मुक्काम ही तुमची हौस आहे आणि तिची थंडी सहा जणांनी वाटून घेतली, एवढं हिशोबात धरा.


कातळवेडा

धरलंय. उतरल्यावर दोघांनी आमची जॅकेटं आणि एक झोपायची पिशवी तिथेच दिली, बक्षिसीही बरी दिली. पण हे लिहिताना कळतंय की ते नंतरचं आहे. रात्री त्यांच्या तंबूत कोण कसं झोपलं ते मी बघायला गेलो नाही. तेव्हा मी माझं डोकं धरून पडलो होतो.

आणखी एक, कुणी विचारलं नाही तरी सांगतो. विवराच्या कॅम्पपाशी खडकांआड कागद, टिनचे डबे, माणसांची घाण, सगळं जसंच्या तसं पडलेलं. तिथे काही कुजत नाही. इतकी कोरडी थंडी की काल टाकलेलं आणि पाच वर्षांपूर्वीचं सारखंच दिसतं. शेकडो वर्षांच्या बर्फाला लागून संत्र्याची साल. तिचा रंगसुद्धा गेला नव्हता.


नाशिककर

हे वाचून ठरवलं, मुक्काम नाही. मार्चच्या आधी जातोय, फेब्रुवारीच्या शेवटी. पुतण्या आणि मी. लेमोशो आठ दिवस. गाईडशी आधीच बोललोय: बराफूहून रात्री दहालाच निघायचं, उहुरू करून तब्येत चांगली असेल तर विवरात उतरायचं, ॲश पिटचा काठ गाठून त्याच दिवशी खाली. डॉक्टर, असं चालेल का?


डॉ_शुभ्रा

वय?


नाशिककर

मी ५४. पुतण्या २६.


डॉ_शुभ्रा

बीपी, साखर, हृदय तपासून घ्या, तुमच्या डॉक्टरला उंचीचा आकडा सांगून. बेत मुक्कामापेक्षा बरा आहे. पण उहुरूलाच तुम्ही थकलेले असाल, आणि विवरात उतरलात की बाहेर पडायला स्टेलापर्यंत पुन्हा चढ आहे हे विसरू नका. उतरतानाच ठरवा की किती वाजता काठ सोडायचा. घड्याळ पुतण्याकडे द्या. आणि तरुण माणूसही आजारी पडतो, बरेचदा आधी पडतो, कारण तो वेगाने चढतो आणि दुखलं तर बोलत नाही.


टवाळ_बाळू

पुतण्याला सांगा: तिकडे 'पोले पोले' म्हणजे हळूहळू. जेवायची हाक नाही.


मुक्ता_दार

चपातीला इथेही चपातीच म्हणतात आणि चहाला चाय. तेव्हा तो चुकून स्वयंपाकघरात गेला तरी उपाशी राहणार नाही. नाशिककर, पिवळ्या तापाची लस दहा दिवस आधी घेऊन ठेवा, तिचं कार्ड परत येताना मुंबई विमानतळावर मागू शकतात.


रानवाटा

नाशिककर, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा, अंगाला लागून. कातळवेडाचा खड्डा आम्हाला तुमच्या डोळ्यांनी बघायचाय.


नाशिककर

परवा पहाटेचं विमान, अदिस अबाबामार्गे. सामान भरून झालं. दोन जास्तीच्या बॅटऱ्या, एक जुना उबदार जॅकेट द्यायला, आणि कचऱ्याच्या चार पिशव्या. अजून काही राहिलं का?


कातळवेडा

पाण्याची बाटली रात्री सॅकमध्ये उलटी ठेवा, बुच खाली. बर्फ वरून धरतो. सरळ ठेवलीत तर बुचापाशीच गोठतं आणि आत पाणी असून तोंडात थेंब येत नाही. नळीचं पाउच नको, नळी पहिल्या तासात गोठते.

आणि त्या कोमट जागेवर पुतण्याला हात लावायला सांगा. हातमोजा काढून.